वाट नसलेल्या भूमीत गाडी बंद पडते तेव्हा

१/
जून १९०७. गोबीच्या वाळवंटात एक तीनचाकी मोटार उभी आहे आणि तिच्याजवळ दोन फ्रेंच माणसे आहेत. इंजिन धडधाकट आहे, चाके शाबूत आहेत. तरीही गाडी सुरू होत नाही, कारण टाकीत पेट्रोलचा थेंब उरलेला नाही. सोबतच्या चारही गाड्या पुढे निघून गेल्या आहेत. जवळचे पाणी संपत आले आहे आणि नजर पोहोचते तिथवर माणूस दिसत नाही.

२/
आज गाडी बंद पडली तर आपण खिशातून फोन काढतो. मोटारीच्या इतिहासातील पहिल्या पन्नास वर्षांत, विशेषतः जिथे रस्ताच नव्हता अशा प्रदेशांत, हा पर्याय उपलब्ध नव्हता. तिथे एकच प्रश्न उरत असे : नेमके बिघडले काय? हा प्रश्न विचारण्याची रीत कशी घडली आणि ती घडवणाऱ्या माणसांना इतिहासाने कुठे बसवले, याविषयीचा हा धागा.

३/
आरंभी एका शब्दाकडे पाहू. आपण ‘निदान’ म्हणतो तो शब्द आयुर्वेदाचा. माधवकराचा ‘माधवनिदान’ हा ग्रंथ केवळ याच विषयाला वाहिलेला आहे. रोग ओळखण्याची पाच साधने आयुर्वेद सांगतो : निदान म्हणजे कारण, पूर्वरूप म्हणजे आधीची चाहूल, रूप म्हणजे प्रकट लक्षण, उपशय म्हणजे उपाय करून पाहून केलेली पारख, आणि संप्राप्ती म्हणजे विकार कसा वाढत गेला याचा उलगडा. ही पाच नावे लक्षात असू द्यावीत. पुढे वाळवंटात आणि बर्फातही ती उपयोगी पडतील.

४/
आता यंत्राकडे वळू. जुन्या पेट्रोल इंजिनाला मुख्यतः तीन गोष्टी लागतात. इंधन व हवा यांचे योग्य मिश्रण, ते मिश्रण दट्ट्याने नीट दाबले जाणे, आणि नेमक्या क्षणी पडणारी ठिणगी. त्या काळी गाडी सुरू करण्यासाठी समोर हँडल घालून ते हाताने फिरवावे लागे. हँडलला दाब जाणवला नाही तर सिलिंडरमधून हवा निसटते आहे, हे अनुभवी माणसाच्या मनगटाला कळत असे. प्लग काढून इंजिनाच्या धातूवर टेकवायचा आणि हँडल फिरवायचे. ठिणगी दिसली नाही की दोष विजेकडचा. ठिणगी दिसली तर शोध इंधनाकडे वळवायचा.

५/
या शोधाची पहिली गाजलेली गोष्ट ऑगस्ट १८८८ मधली आहे. बर्था बेंझ यांनी पती कार्ल यांना न सांगता त्यांची तीनचाकी मोटार बाहेर काढली, दोन किशोरवयीन मुलांना बरोबर घेतले आणि जर्मनीतील मानहाइमहून त्या फोर्त्सहाइमकडे निघाल्या. अंतर सुमारे १०६ किलोमीटर होते आणि वाट घोडागाड्यांची होती. पेट्रोलपंप नावाची गोष्ट जगात नव्हती. त्यांनी वीसलोख गावच्या औषधी दुकानातून लिग्रोईन हा कपड्यांचे डाग काढण्याचा द्रव विकत घेतला आणि तेच इंधन म्हणून वापरले.

६/
घरच्या आठवणींतून पुढे आलेल्या हकीकतीनुसार वाटेत दोन मोठे बिघाड झाले. एकदा इंधनाची नळी तुंबली. बर्था यांनी टोपीची लांब पिन घालून ती मोकळी केली. दुसऱ्यांदा ठिणगीच्या तारेत दोष निघाला; तेव्हा त्यांनी मोजा बांधण्याचा पट्टा वेष्टण म्हणून वापरला. ही गोष्ट बहुधा ‘चतुर गृहिणीची युक्ती’ म्हणून सांगितली जाते. परंतु पिन घालण्यापूर्वी नळीच तुंबली आहे हे ओळखावे लागते. बर्था यांना त्या यंत्राचे अंतरंग ठाऊक होते. पिन आणि पट्टा ही केवळ हाताशी असलेली साधने होती. मुख्य काम निदानाचे होते, आणि ते त्यांनी केले.

७/
या घटनेनंतर एकोणीस वर्षांनी, ३१ जानेवारी १९०७ रोजी, पॅरिसच्या ‘ल मातँ’ या दैनिकाने एक आव्हान छापले. मोटार असली की माणूस कुठेही जाऊ शकतो, असा त्या काळच्या मोटारप्रेमींचा दावा होता. तो खरा असेल तर पेकिंगहून पॅरिसला मोटारीने येण्यास कोण तयार आहे, असा सवाल वृत्तपत्राने केला. अंतर सुमारे १५,००० किलोमीटर. वाटेत चीनच्या उत्तरेचे डोंगर, गोबीचे वाळवंट, सैबेरियाची दलदल आणि उरलचा पर्वतप्रदेश होता.

८/
१० जून १९०७ रोजी पेकिंगहून पाच गाड्या निघाल्या. प्रिन्स शिपिओने बोर्गेसे यांची दणकट इटाला, शार्ल गोदार यांची १५ अश्वशक्तीची डच बनावटीची स्पायकर, जॉर्ज कॉर्मिये व व्हिक्टर कोलिन्यों यांच्या प्रत्येकी १० अश्वशक्तीच्या दोन द दिऑं-बुतों, आणि ओग्युस्त पों यांची अवघ्या ६ अश्वशक्तीची तीनचाकी कोंताल. आरंभी ज्या दोन माणसांना आपण वाळवंटात पाहिले, ते पों आणि त्यांचा मेकॅनिक होत.

९/
बोर्गेसे यांच्या गाडीत तिघे होते : स्वतः प्रिन्स, ‘कोरिएरे देल्ला सेरा’चे पत्रकार लुइजी बार्झिनी, आणि मेकॅनिक एत्तोरे ग्विझार्दी. एत्तोरेचे वडील रेल्वेचे इंजिनचालक होते. बोर्गेसे यांच्या इस्टेटीजवळ झालेल्या रेल्वे अपघातात ते दगावले. जखमी अवस्थेत प्रिन्सच्या घरी आणलेला हा पोरका मुलगा पुढे तिथेच राहिला आणि यंत्रविद्येत तरबेज झाला. प्रवासभर गाडीचे दुखणे पाहण्याचे काम त्याचेच होते.

१०/
बोर्गेसे यांची तयारीही पद्धतशीर होती. शर्यतीआधी ते घोड्यावरून डोंगरवाटा पाहून आले. गाडीच्या रुंदीएवढा बांबू सोबत घेऊन त्यांनी अरुंद घाटांत गाडी मावेल की नाही, हे मोजले. इंधनाचे साठे उंटांच्या तांड्यांबरोबर आधीच पुढे पाठवण्यात आले होते. ज्या प्रदेशात गाडी बंद पडल्यास मदत येणार नाही, तिथे बंद पडण्याची कारणे प्रवासापूर्वीच एकेक करून कमी करावी लागतात, हे त्यांनी जाणले होते.

११/
पेकिंगच्या उत्तरेला डोंगरांत इंजिनांचा फारसा उपयोग झाला नाही. मजूर आणि खेचरे यांनी दोरखंड लावून गाड्या ओढून नेल्या. त्यानंतर गोबी. तिथे उंटांच्या तांड्यांचा मार्ग आणि त्याला समांतर धावणारी टेलिग्राफची तार, एवढीच खूण होती. पोंग-किओंगच्या तारघरातून बार्झिनी यांनी तार केली, तेव्हा त्या फॉर्मवर क्रमांक १ पडला. ठाणे उघडून सहा वर्षे झाली होती आणि तिथून गेलेली ती पहिलीच तार होती. दोन तारघरांच्या मध्ये कोणाची गाडी थांबली तर हाक कोणाला मारणार, याची कल्पना यावरून यावी.

१२/
कोंताल नेमकी अशाच टापूत थांबली. अडचणीत सापडणाऱ्याला साहाय्य करण्याचे सर्वांनी ठरवले होते. प्रत्यक्षात पुढच्या गाड्यांच्या लक्षात ही गोष्ट आली नाही, आणि त्या दूर निघून गेल्या. पों व त्यांचा मेकॅनिक पायी निघाले, परतले, तहानेने मरणाच्या दारी पोहोचले. अखेर भटक्या मोंगोल लोकांना ते सापडले, म्हणून वाचले. गाडी मात्र वाळवंटातच राहिली आणि पों यांची शर्यत तिथे संपली.

१३/
या प्रसंगात निदान करणे अगदी सोपे होते. टाकी रिकामी आहे हे शेंबडे पोरही सांगेल. अडचण ज्ञानाची नव्हती, पुरवठ्याची होती. लहान गाडीत जास्तीचे इंधन नेण्यास जागा कमी, म्हणून इतरांवर अवलंबून राहणे आले. आणि इतरांचा वेग जास्त, म्हणून मागे पडणे आले. आयुर्वेदाच्या भाषेत ‘रूप’ एका क्षणात दिसले, परंतु ‘संप्राप्ती’ पेकिंग सोडण्यापूर्वीच सुरू झाली होती.

१४/
गोबीत स्पायकरही इंधनाअभावी थांबली. गोदार यांच्याजवळ पैसा नव्हता. प्रवासाला निघण्यासाठी त्यांनी सुटे टायरही विकले होते. मदतीचे पेट्रोल येईपर्यंत त्यांना वाळवंटात खोळंबून राहावे लागले. पेट्रोल टाकीत पडताच इंजिन सुरू झाले आणि गोदार यांनी उर्गापर्यंत अक्षरशः मुसंडी मारली. हा उपशयाचा सरळ दाखला होय. उपाय केला, गुण आला, म्हणजे कारण तेच होते. दुसरा कोणताही भाग उघडण्याची गरज उरली नाही.

१५/
सैबेरियात मात्र याच गाडीला वेगळे दुखणे जडले. टाकीत पेट्रोल होते, दाब ठीक होता, तरी ठिणगी पडेना. दोष मॅग्नेटोत निघाला. मॅग्नेटो म्हणजे चुंबकाच्या क्षेत्रात तारेची गुंडाळी फिरवून वीज निर्माण करणारे छोटे यंत्र. त्यामुळे बॅटरीवाचून ठिणगी मिळते. त्यातील तारेवरचे वेष्टण बारीक असते आणि ते एकदा खराब झाले की पाना आणि पक्कड यांचा काही उपयोग होत नाही.

१६/
गोदार यांनी गाडी रेल्वेवर चढवली आणि ते तोमस्कला गेले. सैबेरियातील पहिली तंत्रशिक्षण संस्था तिथे १९०० मध्ये सुरू झाली होती. या संस्थेत मॅग्नेटोची दुरुस्ती झाली. त्यानंतर गोदार रेल्वेने मागे आले आणि जिथे प्रवास खंडित झाला होता तिथूनच पुन्हा गाडी चालवू लागले. दोष कुठे आहे हे कळणे ही एक पायरी. तो दोष आपल्या हातून बरा होणारा नाही हे वेळेवर मान्य करणे ही दुसरी. रानावनात दुसरी पायरी अधिक अवघड असते, कारण माणूस हट्टाने तेच ते करत राहतो.

१७/
इकडे इटालावर वेगळाच प्रसंग ओढवला. बैकाल सरोवराच्या परिसरात एक जुना लाकडी पूल तिच्या वजनाखाली मोडला. गाडी मागच्या बाजूने खाली कोसळली आणि जवळजवळ उभीच राहिली. बार्झिनी थोडक्यात बचावले. रेल्वेच्या कामगारांनी तुळया आणि दोर लावून गाडी वर काढली. अशा वेळी हँडल मारण्याची घाई करणे हा सर्वांत मोठा धोका होय. उलट्या पडलेल्या गाडीतून तेल वाहून गेलेले असू शकते, आणि तेलाविना फिरवलेले इंजिन काही मिनिटांत कायमचे अडकते.

१८/
इटालाची तपासणी झाली, ती सुरू झाली आणि पुढचा काही टप्पा तर सैबेरियन रेल्वेच्या रुळांवरून पार पडला. पुढे उरलच्या पलीकडे लाकडी चाक मोडले, तेव्हा एका रशियन गावकरी सुताराने कुऱ्हाडीने लाकूड तासून नवे चाक घडवून दिले. मोटार कधी न हाताळलेल्या त्या सुताराला गाडीच्या चाकाचे शास्त्र मात्र पिढीजात अवगत होते. वाट नसलेल्या भूमीत ज्ञान कोणाजवळ सापडेल, याचा नेम नसतो.

१९/
१० ऑगस्ट १९०७ रोजी इटाला पॅरिसमध्ये दाखल झाली. दोन्ही द दिऑं आणि स्पायकर ३० ऑगस्टला पोहोचल्या. विजयाचा मान बोर्गेसे यांचा, आणि प्रवासाचा गाजलेला ग्रंथ बार्झिनी यांचा. एत्तोरे ग्विझार्दी याचे नाव आपल्याला कळते ते मुख्यतः बार्झिनी यांनी आपुलकीने त्याच्याविषयी लिहिले म्हणून. इतर कित्येक मेकॅनिकांच्या वाट्याला असा लेखक आला नाही.

२०/
मेकॅनिकाचे स्थान दुय्यम मानल्याने काय होऊ शकते, हे पाहण्यासाठी आता अंटार्क्टिकाला जाऊ. रॉबर्ट स्कॉट यांनी दक्षिण ध्रुवाच्या मोहिमेसाठी वूल्झली कंपनीकडून तीन मोटार-स्लेज बनवून घेतल्या होत्या. त्या साखळपट्ट्यांवर चालत. त्यांच्या घडणीत नौदलातील अभियंते रेजिनाल्ड स्केल्टन यांचा मोठा वाटा होता. स्कॉट यांच्या १९०१ ते १९०४ च्या ‘डिस्कव्हरी’ मोहिमेवर ते होते, आणि नव्या यंत्रांच्या नॉर्वेतील चाचण्यांतही ते सहभागी होते.

२१/
तरीही १९१० मध्ये निघालेल्या जहाजावर स्केल्टन नव्हते. मोहिमेचे उपप्रमुख लेफ्टनंट एडवर्ड एव्हान्स हे हुद्द्याने त्यांच्यापेक्षा कनिष्ठ होते. वरिष्ठ हुद्द्याचा माणूस आपल्या हाताखाली असणे अडचणीचे होईल, असा आक्षेप एव्हान्स यांनी घेतला आणि स्कॉट यांनी तो मान्य केला. यंत्रांना जवळून ओळखणारा माणूस इंग्लंडमध्येच राहिला. जबाबदारी बर्नार्ड डे या मेकॅनिकाकडे आली. ते अनुभवी होते. शॅकल्टन यांच्या मोहिमेत त्यांनी मोटार हाताळली होती.

२२/
जानेवारी १९११ मध्ये एक स्लेज जहाजावरून उतरवताना बर्फ फुटून समुद्रात बुडाली. उरलेल्या दोन २४ ऑक्टोबर १९११ रोजी निघाल्या. हवेने थंड होणारी त्यांची इंजिने काही भागांत अती तापत आणि काही भागांत गारठून जात. पाहता पाहता दट्ट्याचा दांडा आणि मुख्य आस यांना जोडणारी बेअरिंगे तुटली. बिघाड काय आहे हे डे यांना समजत होते. पण तो बर्फावर दुरुस्त होण्याजोगा नव्हता. सुमारे ५० मैलांनंतर दोन्ही स्लेज सोडून देण्यात आल्या आणि चार माणसांनी ओझी स्वतः ओढण्यास सुरुवात केली. स्केल्टन असते तर स्लेज चालल्याच असत्या, असे खात्रीने म्हणता येत नाही. मात्र निवडीचा निकष हुद्दा ठरला, हे सत्य उरते.

२३/
याच्या उलट उदाहरण लिबियाच्या वाळवंटातले. राल्फ बॅग्नोल्ड या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून फोर्ड गाड्या घेऊन वाळूचे समुद्र ओलांडले. उष्णतेत रेडिएटरचे पाणी उकळून वाफ होऊन उडून जाई. बॅग्नोल्ड यांनी रेडिएटरची नळी बाजूला बांधलेल्या पाण्याच्या डब्यात सोडली. वाफ तिथे थंड होऊन पाणी बने. इंजिन गार झाले की तेच पाणी आपोआप परत ओढले जाई. डबाच उकळू लागला तर थांबायचे, गाडीचे तोंड वाऱ्याकडे करायचे आणि वाट पाहायची.

२४/
यातली मेख अशी की डब्यातली वाफ हे ‘पूर्वरूप’ होते. गाडी बंद पडण्याआधीच तिची तक्रार ऐकू येण्याची ही सोय. १९४० मध्ये बॅग्नोल्ड यांनी लाँग रेंज डेझर्ट ग्रुप उभारला, तेव्हा पहिल्या तुकड्यांसाठी न्यूझीलंडचे सैनिक निवडले गेले. त्यांपैकी अनेक जण शेतकरी होते आणि यंत्रे स्वतः दुरुस्त करण्याची त्यांना सवय होती. गस्ती तुकडीबरोबर फिटर असे. पुढे १९४२ मध्ये या दलाच्या जोडीला इंडियन लाँग रेंज स्क्वाड्रन ही भारतीय घोडदळांतून उभारलेली तुकडीही काम करू लागली. शत्रूच्या प्रदेशात शेकडो मैल आत असताना फिटर हा मोहिमेचा कणा असतो, हे इथे सर्वांनी मान्य केले होते.

२५/
दरम्यान यंत्रही बदलत गेले. १९१२ च्या कॅडिलॅक गाड्यांत चार्ल्स केटरिंग यांचा विजेवर चालणारा सेल्फ-स्टार्टर आला आणि हँडल हळूहळू इतिहासजमा झाले. मनगटाला मिळणारी ती दाबाची वार्ता थांबली. १९९६ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारींत बिघाडाची नोंद ठेवणारी एकसारखी संगणकीय व्यवस्था सक्तीची झाली. आता गाडी स्वतःच सांकेतिक क्रमांक सांगते. तरी तो क्रमांक केवळ रूप दाखवतो. कारण शोधण्याचे काम अजूनही माणसाचेच आहे.

२६/
इतिहासाच्या अभ्यासकालाही या साऱ्यातून घेण्यासारखे आहे. परिणामावरून कारणाकडे मागे जायचे, एका वेळी एकच शक्यता तपासायची, आणि पुरावा विरुद्ध गेला तर लाडका तर्क सोडून द्यायचा. मिस्त्री आणि इतिहासकार यांची रीत इथे एकच आहे.

२७/
म्हणून पुढच्या वेळी एखाद्या मोहिमेचा वृत्तांत वाचाल, तेव्हा नेत्याचे नाव झाल्यावर आणखी एक प्रश्न जरूर विचारा : गाडी बंद पडली तेव्हा तिच्याखाली कोण आडवा झाला होता? उत्तर बहुधा तळटीपेत सापडेल, कधी एखाद्या छायाचित्राच्या कडेला, तर कधी कुठेच सापडणार नाही. आपल्या घराण्यात, गावात किंवा एसटीच्या आगारात असा कोणी जुना फिटर असेल, तर त्याच्यापाशी बसून त्याच्या आठवणी लिहून ठेवा. एत्तोरेला बार्झिनी लाभला. त्यांनाही कोणी लाभू द्या.

धागा समाप्त.